केसपेपरवरील नोंदीपासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत : तंबाखू आणि धूम्रपानाविषयीचे धोरण डॉक्टरांनी कसे घडवावे

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना धोरण हा मुंबई-दिल्लीचा विषय वाटतो. आपण रुग्ण तपासावा, औषध लिहावे आणि 'विडी बंद करा' असे बजावून पुढच्या रुग्णाला आत बोलवावे, एवढेच आपले काम अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु विडी, सिगारेट आणि तंबाखू यांच्याविषयी जगात जी धोरणे टिकली, त्यांच्या मुळाशी डॉक्टरांनी ठेवलेल्या नोंदी, डॉक्टरांनी लिहिलेले अहवाल आणि डॉक्टरांनी सरकारकडे धरलेला आग्रह आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांतही डॉक्टरांनी चांगले नागरिक या नात्याने सार्वजनिक आरोग्याविषयी सल्ला द्यावा आणि कायद्यांच्या अंमलबजावणीत आपला वाटा उचलावा, असे सांगितलेले आहे. म्हणजे हे काम हौसेचे किंवा निवृत्तीनंतरचे नाही, ते व्यवसायाच्या कर्तव्यातच मोडते. पुढील मार्गदर्शन एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि दंतवैद्य अशा सर्वांसाठी आहे, कारण आपल्या भागात गावोगावचा रुग्ण प्रथम ज्यांच्याकडे जातो, ते डॉक्टर एकाच पदवीचे नसतात.

आधी हे समजून घ्यावे, की पूर्वी हे कसे घडले

१९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांना त्यांच्या धूम्रपानाविषयी पद्धतशीर प्रश्न विचारून फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दाखवून दिला. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवली, सुमारे ४०,००० डॉक्टरांनी स्वतःच्या सवयीची माहिती कळवली, आणि पुढे पन्नास वर्षे या डॉक्टरांचा मागोवा घेतला गेला. दीर्घकाळ सिगारेट ओढणारे सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरण पावतात, हे त्यातूनच २००४ मध्ये जगाला कळले. मात्र पुरावा छापून आल्याबरोबर धोरण बदलले नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने 'धूम्रपान आणि आरोग्य' हा अहवाल प्रसिद्ध केला तो १९६२ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे तेथील सरकारचे आरोग्यविषयक प्रमुख डॉक्टर, ल्यूथर टेरी यांचा अहवाल जानेवारी १९६४ मध्ये आला, आणि ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती १९६५ मध्ये बंद झाल्या.

१९६२ च्या अहवालाकडून शिकण्यासारखी गोष्ट अशी, की तो सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत लिहिलेला होता आणि रोगाचे वर्णन करून थांबला नव्हता. मुलांना होणारी विक्री रोखा, जाहिराती आवरा, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर मर्यादा घाला, कर वाढवा, लोकांना शिक्षित करा, सोडू इच्छिणाऱ्यांसाठी दवाखाने उघडा, अशी नेमकी मागणी त्यात होती. आजच्या बहुतेक देशांचे तंबाखू नियंत्रण याच मागण्यांवर उभे आहे. डॉक्टरांचे म्हणणे मागणीच्या रूपात आले की प्रशासनाला त्यावर होय किंवा नाही असे काहीतरी उत्तर द्यावेच लागते.

भारतात पुरावा उशिरा आला, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी सांघवी व राव यांनी तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंडाचा व घशाचा कर्करोग यांच्या संबंधावरील निबंध १९५५ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला होता. डॉ. फली मेहता यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये मांडले. तरीही २०१५ मध्ये, पाकिटांवरील चित्रमय इशारा ८५ टक्के जागेवर छापण्याचा प्रश्न संसदीय समितीपुढे होता तेव्हा, तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, असे विधान समितीच्या अध्यक्षांनी केले. देशभरच्या कर्करोगतज्ज्ञांनी त्याला जाहीरपणे उत्तर दिले आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा इशारा लागू झाला. साठ वर्षांपूर्वी छापलेला पुरावाही योग्य वेळी योग्य टेबलावर पुन्हा ठेवावा लागतो, हे ज्याला या कामात उतरायचे आहे त्याने पक्के ध्यानात ठेवावे.

स्वतःचे आवार

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील सिगारेट कंपन्या आपल्या जाहिरातींत डॉक्टरांची चित्रे छापत आणि डॉक्टर आमचीच सिगारेट ओढतात, असे सांगत. आज तसे उघडपणे कोणी करत नाही. पण वैद्यकीय संघटनेच्या स्नेहमेळाव्यासाठी पानमसाला विकणाऱ्या व्यापाऱ्याची देणगी घेतली जाते, किंवा रुग्णालयाच्या फाटकाला लागूनच पानटपरी चालते आणि तिथे आपलेच कर्मचारी उभे असतात, तेव्हा सरकारी समितीपुढे जाणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे दुबळे होते. म्हणून पहिले पत्र लिहिण्यापूर्वी आपले आवार पाहावे. २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायद्यानुसार, ज्याला सर्वजण कोटपा म्हणतात, रुग्णालय हे सार्वजनिक ठिकाण आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे प्रवेशद्वारावर किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरचा मनाई फलक असावा लागतो, आणि तक्रार कोणाकडे करायची हेही लिहावे लागते. खासगी दवाखान्यालाही हे लागू आहे. जे डॉक्टर स्वतः तंबाखू खातात किंवा सिगारेट ओढतात, त्यांनी या कामापासून दूर राहावे असे मी म्हणणार नाही. त्यांनी उपचार घ्यावेत आणि सोबत यावे. ब्रिटनमधील बदलाची सुरुवात डॉक्टरांनी स्वतःची सिगारेट सोडण्यापासूनच झाली होती.

नोंद कशी ठेवावी

हा या कामाचा पाया आहे, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. 'व्यसन आहे का?' असा प्रश्न विचारला की आपल्याकडचा रुग्ण दारूचाच विचार करतो आणि म्हणतो, "नाही साहेब, दारू-बिरू काही नाही. निस्ती तंबाखू." पुष्कळदा तर तो 'निस्ती तंबाखू' एवढेही सांगत नाही, कारण तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू त्याच्या लेखी जेवणानंतरच्या पाण्याइतकीच साधी गोष्ट असते. मावशी-आज्ज्या सकाळी मिश्री लावतात, ती त्यांच्या दृष्टीने दात घासण्याची पूड असते. विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे सांगणारे तर प्रत्येक गावात आहेत. म्हणून प्रश्न वस्तूचे नाव घेऊन विचारावा. 'मामा, तंबाखूची पुडी किती दिवस पुरते?', 'दिवसाला विड्यांचे किती बंडल लागतात?', 'आजी, मिश्री दिवसातून किती वेळा लावता?' असे विचारले की उत्तर सरळ येते, आणि त्यात रुग्णाचा अपमानही होत नाही.

केसपेपरवर रक्तदाबाच्या शेजारी एक छोटा चौकोन आखावा आणि त्यात चारच गोष्टी लिहाव्यात : काय घेतात, किती घेतात, कोणत्या वयापासून घेतात आणि सोडण्याची इच्छा आहे का. तोंड उघडायला सांगून रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, हे पाहावे. गुटखा आणि सुपारी खाणाऱ्या कित्येक तरुणांत दोनच बोटे जातात किंवा एकच जाते, आणि त्यांना स्वतःलाही हे ठाऊक नसते, कारण भाकरीचा घास लहान होत गेला ते हळूहळू झालेले असते. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो. 'तीन', 'दोन' किंवा 'एक' एवढा आकडा चौकोनात लिहिला की पुढे तो मोजता येतो. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर विडी-सिगारेटची नोंद असलीच पाहिजे, कारण भारतातील पुरुषांच्या क्षयरोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे निम्म्यांत धूम्रपानाचा हात आहे, असे तमिळनाडूतील २००३ च्या मोठ्या अभ्यासातून दिसले आहे.

सगळे स्वतःच मोजण्याची गरज नाही. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासण्याची प्रश्नावली) भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतोच. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी उपकेंद्रनिहाय बेरीज करून घेतली, तर गावातील किती जण रोज तंबाखू घेतात याचा आकडा कोणताही खर्च न करता हाती येतो. बहुतेक ठिकाणी हे फॉर्म भरून गठ्ठ्यात बांधलेले किंवा संगणकात पडलेले असतात आणि गावाला त्यातले काहीही कळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. नवे सर्वेक्षण करायचेच असेल, तर ते ऊसतोडीच्या हंगामात करू नये. बीड, जालना, परभणी या भागांतील कितीतरी गावे दिवाळीच्या सुमारास रिकामी होतात आणि कोयत्यावर गेलेली कर्ती माणसे गुढीपाडव्याच्या आसपास परततात. हिवाळ्यात केलेली मोजणी म्हणजे मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची मोजणी ठरते.

मोजताना धूम्रपान आणि चघळण्याची तंबाखू वेगवेगळी मोजावी, पण मागणी मात्र दोन्हींविषयी करावी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आणि ओढणारे ३.८ टक्के आहेत. देशात ओढणाऱ्यांचे प्रमाण १०.७ टक्के आहे. पाश्चात्त्य देशांतील धोरणाचा मसुदा जसाच्या तसा उचलून केवळ धूम्रपानावर बोट ठेवले, तर मराठवाड्यातील बहुसंख्य रुग्ण त्याच्या बाहेर राहतील. दुसऱ्या बाजूने, आकडा लहान आहे म्हणून विडी सोडून देणेही चूक आहे. डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासानुसार विडी ओढणारे पुरुष सरासरी सुमारे ६ वर्षे, विडी ओढणाऱ्या स्त्रिया सुमारे ८ वर्षे आणि सिगारेट ओढणारे पुरुष सुमारे १० वर्षे आयुष्य गमावतात.

कोणती मागणी कोणाकडे न्यावी

अनेक चांगली निवेदने वाया जातात, कारण ती चुकीच्या टेबलावर ठेवलेली असतात. तहसीलदारांना 'तंबाखूवर बंदी घाला' असे निवेदन देऊन छायाचित्र काढता येते, पण तहसीलदारांना तो अधिकारच नाही.

ग्रामसभेपासून सुरुवात करणे मला सर्वांत योग्य वाटते. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी जशी बाटली आडवी करण्याच्या मतदानाची सोय आहे, तशी तंबाखूसाठी नाही. त्यामुळे गावात तंबाखूची विक्रीच बंद, असा ठराव झाला तरी तो कायद्यापुढे टिकवणे कठीण जाते आणि टपरीवाल्याशी विनाकारण वैर मात्र येते. ग्रामपंचायतीच्या हातात जे आहे, तेवढेच मागावे. तिच्या मालकीच्या भिंतींवर, कमानींवर जाहिरात होऊ द्यायची की नाही, तिचे गाळे कोणत्या अटीवर भाड्याने द्यायचे, तिच्या इमारतींत काय चालू द्यायचे, हे ती ठरवू शकते. ठरावाचा मसुदा आपणच लिहून न्यावा. तो साधारण असा असू शकतो :

"ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, बाजारओटे आणि बसथांबा या ठिकाणी विडी-सिगारेट ओढण्यास व तंबाखू खाऊन थुंकण्यास मनाई राहील. शाळेच्या आवारापासून १०० यार्डांच्या आत होत असलेल्या तंबाखू विक्रीबाबत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (ग्रामसेवकांनी) सात दिवसांत पोलीस ठाण्यास लेखी कळवावे. ग्रामपंचायतीच्या मालकीचे गाळे यापुढे भाड्याने देताना तंबाखूजन्य पदार्थ न विकण्याची अट करारनाम्यात घालावी. ग्रामपंचायतीच्या मालमत्तेवर तंबाखूची किंवा तिच्या नावाशी साधर्म्य असलेल्या उत्पादनाची जाहिरात करू देऊ नये. या ठरावाच्या अंमलबजावणीचा अहवाल पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावा."

शेवटचे वाक्य कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. ते नसेल तर ठराव इतिवृत्ताच्या वहीतच राहतो. विषय सभेच्या दिवशी हात वर करून मांडण्यापेक्षा सभेची नोटीस निघण्यापूर्वी सरपंचांकडे लेखी द्यावा आणि विषयपत्रिकेत घ्यायला लावावा. सूचक म्हणून डॉक्टरांनी स्वतः पुढे होऊ नये. बचत गटातील एखादी ताई, मुख्याध्यापक किंवा ज्यांच्या घरात कर्करोगाने माणूस गेला आहे अशी व्यक्ती सूचक असली, तर ठराव गावाचा होतो. ज्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेथे कीर्तनकार महाराजांना आधी भेटून गावातील आकडे द्यावेत. रात्रीच्या कीर्तनात महाराजांनी दोन मिनिटे सांगितलेले गाव जितके ऐकते, तितके आपले पाऊण तासाचे व्याख्यान ऐकत नाही.

शाळेच्या बाबतीत कोटपाच्या कलम ६ चा आधार आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, विक्री करता येत नाही आणि १८ वर्षांखालील कोणालाही विकता येत नाही. यात दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, त्यामुळे विक्रेते तो मनावर घेत नाहीत. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७७ पुष्कळ कडक आहे. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुख्याध्यापकांना हे कलम छापून द्यावे. शाळेच्या फाटकापासून टेप धरून अंतर मोजावे आणि रस्त्यावर पिवळी रेघ मारावी. तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ही रेघ सांगितलेलीच आहे.

नगर परिषद किंवा महानगरपालिकेकडे परवान्याची मागणी करावी. तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्वतंत्र परवाना द्यावा आणि अशा दुकानांत बिस्किटे, चॉकलेटे, चिप्स असे मुलांना ओढून आणणारे पदार्थ विकू देऊ नयेत, असा सल्ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिला होता. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आणली, कारण सुटी विडी घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसतच नाही आणि शाळकरी मुलाच्या खिशाला एक सिगारेट परवडते. ही बंदी आपल्या बाजारपेठेत पाळली जाते का, हे बसस्थानकासमोरच्या चार टपऱ्यांवर उभे राहिले तरी कळते. ते लेखी स्वरूपात, ठिकाण आणि तारीख घालून, कळवावे.

जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तंबाखू नियंत्रणाची समन्वय समिती असते आणि तंबाखू नियंत्रण कक्ष बहुतेक ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अधिपत्याखाली चालतो. पोलीस, शिक्षण, अन्न व औषध प्रशासन असे सारे विभाग या समितीत एकत्र येतात. त्यामुळे गुटख्याचा विषय येथेच न्यावा. महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै २०१२ पासून आहे, पण ती २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ज्या कलमाखाली येते, त्याखालील आदेशाची मुदत एका वर्षाहून अधिक असू शकत नाही, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. बंदीनंतर पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या शेजारी ठेवून विकण्याची युक्ती निघाली, तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला. रुग्णाच्या खिशातून निघालेल्या पुड्यांची नावे केसपेपरवर लिहून ठेवली, तर कोणता माल आपल्या तालुक्यात फिरतो आहे, हे समितीला डॉक्टरांइतक्या नेमकेपणाने दुसरे कोणी सांगू शकणार नाही. याच समितीकडे उपचाराचीही मागणी करावी. निकोटिन पर्यायी उपचाराचा समावेश २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत झालेला आहे, तेव्हा ग्रामीण रुग्णालयात निकोटिन गम का मिळत नाही, हा प्रश्न रास्त आहे. १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक तर प्रत्येक केसपेपरच्या तळाशी आजच छापता येईल.

राज्य आणि केंद्र यांच्याकडे एकट्या डॉक्टरांनी लिहून फारसे होत नाही. तेथे संघटना लागते. कराचा प्रश्न त्यांतला सर्वांत मोठा आहे. किंमत वाढली की मुले आणि गरीब माणसे तंबाखूपासून दूर राहतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे विडीला कायम सवलत मिळत आली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा विडीवर २८ टक्के कर लागला, पण सिगारेटवर होता तसा उपकर लागला नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये विडीचा दर १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. विडीच्या रुग्णाला धाप लागलेली ज्यांनी पाहिली आहे, त्या डॉक्टरांच्या संघटनांनी या निर्णयाविषयी आपल्या खासदारांशी बोलले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. भारतीय वैद्यकीय संघटनेच्या तालुका शाखा, निमा ही आयुर्वेद डॉक्टरांची संघटना, दंतवैद्यांची संघटना, अंबाजोगाई, नांदेड, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे जनऔषध वैद्यकशास्त्र विभाग यांनी एकाच मसुद्यावर सह्या केल्या, तर आठ जिल्ह्यांचा आवाज एक होईल.

रुग्णाला सोबत नेताना

आकडे ऐकून अधिकारी मान हलवतात, पण रुग्ण समोर बसला की ते प्रश्न विचारू लागतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स' या मोहिमेतून तोंडाच्या कर्करोगाचे रुग्णच मंत्र्यांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या भेटीला नेले आणि त्याचा परिणाम अनेक राज्यांत दिसला. आपल्याकडे बार्शीला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात शेक (किरणोपचार) घ्यायला जाऊन आलेली माणसे प्रत्येक मोठ्या गावात आहेत. जबड्याचा भाग काढलेला, पातळ पेजेवर राहणारा चाळिशीचा शेतकरी जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात शांतपणे बसला, तरी बैठकीचा सूर बदलतो.

पण येथे डॉक्टरांनी फार जपले पाहिजे. रुग्ण आपल्या उपचाराच्या उपकारापोटी होय म्हणत नाही ना, हे पाहावे. संमती लेखी घ्यावी, घरच्यांसमोर बोलून घ्यावे, कोठे जायचे आहे आणि तेथे छायाचित्रे निघतील का, हे आधी सांगावे, आणि ऐनवेळी नको म्हटल्यास एक शब्दही न बोलता त्याला घरी पाठवावे. लेकीच्या लग्नाचे बोलणे चालू असताना बापाचा आजार वर्तमानपत्रात आला तर त्या घरावर काय बेतते, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ज्यांना यायचे नाही, त्यांचे नाव-गाव वगळून त्यांची हकीकत सांगता येते आणि तीही पुरेशी असते.

विरोधाला उत्तर देताना

टपरीवाल्याच्या पोटाचा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो. तो खोटा नाही, म्हणून त्याला झिडकारू नये. आपली मागणी जागेविषयी, मुलांविषयी आणि जाहिरातीविषयी आहे, दुकान उठवण्याविषयी नाही, हे त्याच्याशी समोरासमोर बोलावे. विडी कामगारांचा प्रश्न अधिक अवघड आहे. शेजारच्या सोलापुरात विडी वळून संसार चालवणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी आहे, आणि त्या स्वतःही दिवसभर तंबाखूची धूळ श्वासात घेत असतात. विडीवरील कर वाढवा म्हणणाऱ्या डॉक्टरांनी त्याच पत्रात या स्त्रियांना दुसरे काम आणि आरोग्य तपासणी द्या, असेही लिहिले पाहिजे. ते न लिहिता केलेली मागणी मला अपुरी वाटते.

महसुलाचा मुद्दा आला तर एक आकडा जवळ ठेवावा. तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आणि मृत्यूंचा देशावरील आर्थिक भार २०१७-१८ या वर्षी सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपये होता, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्याहून थोडा अधिक. 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते' असे कोणी म्हणाले, तर वाद घालू नये. त्याच पारावर बसणारे आजोबांचे किती सोबती साठीच्या आत गेले, एवढेच विचारावे. आणि तंबाखू कंपनीचा किंवा पानमसाला व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी 'आपण मिळून जनजागृती करू' असा प्रस्ताव घेऊन आला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराच्या कलम ५.३ नुसार आरोग्याची धोरणे या उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवणे बंधनकारक आहे.

पाठपुरावा

३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिन असतो, त्या दिवशी फेरी निघते, शपथ होते. त्यात गैर काही नाही, पण धोरणाचे काम उरलेल्या वर्षात होते. प्रत्येक निवेदनाची पोच घ्यावी आणि आवक क्रमांक टिपून ठेवावा. समन्वय समितीची बैठक ठरल्याप्रमाणे होत नसेल, तर आधी कक्षातील समुपदेशकांना किंवा सल्लागारांना भेटावे, मग लेखी स्मरणपत्र द्यावे, आणि तरीही काही हालचाल झाली नाही, तर मागील दोन वर्षांतील बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागावीत. तो अर्ज रागाने करू नये. पुष्कळदा अर्ज दाखल झाल्यावर बैठकीची तारीख निघते आणि काम पुढे सरकते.

शासकीय सेवेतील डॉक्टरांची तीन-चार वर्षांनी बदली होते, आणि नवे वैद्यकीय अधिकारी सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात किंवा सुरूच करत नाहीत. म्हणून केंद्रावर तंबाखू नियंत्रणाची एक स्वतंत्र फाईल ठेवावी. तिच्यात उपकेंद्रनिहाय आकडे, ग्रामसभांच्या ठरावांच्या प्रती, शाळांच्या मोजणीची कागदपत्रे, दिलेली निवेदने आणि त्यांच्या पोचा तारखेनुसार लावाव्यात, आणि पहिल्या पानावर कोणता विषय कोणाकडे अडला आहे, हे दोन ओळींत लिहावे. कार्यभार सोपवताना औषधसाठ्याच्या नोंदवहीबरोबर ही फाईलही नव्या अधिकाऱ्यांच्या हाती द्यावी, कार्यभाराच्या यादीत तिचा उल्लेख करावा आणि आरोग्य सहायकांनाही ती दाखवून ठेवावी, कारण पुढील ग्रामसभेत अहवाल वाचला गेला की नाही, हे त्यांनाच सर्वांत आधी कळते.